आकडा यंत्रातून कागदावर उतरतो तेव्हा

ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुकांचे वाद बरीच वर्षं वाचल्यानंतर माझं एक मत पक्कं झालं आहे. निकालाच्या रात्री ‘आयोगावर विश्वास आहे की नाही’ यावर भांडून हाती काहीच लागत नाही. अमुक केंद्रावर किती मतं नोंदली गेली, किती मोजली गेली आणि ते आकडे लिहिलेला, सही झालेला कागद कुणाजवळ आहे, एवढंच विचारावं. ज्या वादांचा निकाल लागला ते या प्रश्नांच्या उत्तरांवर लागले. ज्यांच्याकडे उत्तरं नव्हती त्यांची तक्रार खरी असूनही वाऱ्यावर गेली. जो कुणी सरपंचपदाला किंवा नगरसेवकपदाला उभा राहणार असेल किंवा कुणासाठी केंद्रावर बसणार असेल, त्याने हे प्रचाराचा नारळ फोडण्याआधीच समजून घ्यावं.

हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातलं बुआना लाखू हे गाव घ्या. तिथं नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक यंत्रावर झाली आणि एका उमेदवाराला विजयी घोषित केलं गेलं. हरलेल्याचं म्हणणं असं, की केंद्र क्रमांक ६९ वर दोघांच्या नावांपुढचे आकडे उलटसुलट लिहिले गेले. प्रकरण निवडणूक न्यायाधिकरणापुढे गेलं. त्या एका केंद्राच्या फेरमोजणीचा आदेश निघाला तो थेट एप्रिल २०२५ मध्ये, आणि तोही उच्च न्यायालयाने रद्द केला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने यंत्रं दिल्लीला मागवली. ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाच्याच आवारात, प्रबंधकांच्या देखरेखीखाली, दोन्ही बाजूंच्या लोकांसमोर आणि चित्रीकरण करत गावातल्या सगळ्याच केंद्रांची मतं पुन्हा मोजली गेली. एकूण ३७६७ मतांपैकी हरलेला ठरवलेल्या उमेदवाराला १०५१ आणि सरपंचाच्या खुर्चीत बसलेल्याला १००० मतं निघाली. निकाल फिरला, पण तोवर पाच वर्षांच्या मुदतीतली पावणेतीन वर्षं सरली होती. या प्रकरणात मला दोन गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. यंत्रातला आकडा इतक्या दिवसांनंतरही शाबूत होता. त्याच्या आधारे जाहीर झालेला निकाल मात्र चुकीचा निघाला. आणि ते दुरुस्त करायला एका गावकऱ्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं.

यावर ‘मतपत्रिका परत आणा’ म्हणणाऱ्यांनी चंडीगड आठवावं. ३० जानेवारी २०२४ रोजी तिथल्या महापौरपदाची निवडणूक कागदी मतपत्रिकांवरच झाली. मतं अवघी ३६. आम आदमी पक्ष आणि काँग्रेस यांची मिळून २० होती, पण पीठासीन अधिकाऱ्याने आठ मतपत्रिका बाद ठरवल्या आणि १६ विरुद्ध १२ असा भाजपचा उमेदवार विजयी झाला. त्या टेबलावर कॅमेरा होता. मतपत्रिकांवर पेन चालवणारा अधिकारी साऱ्या देशाने पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने त्या मतपत्रिका मागवून घेतल्या, स्वतः तपासल्या आणि २० फेब्रुवारीला आठही मतं वैध ठरवून खऱ्या विजेत्याला महापौर घोषित केलं. पानिपतला पावणेतीन वर्षं लागली, इथं तीन आठवडे. चंडीगडच्या मागे मोठे पक्ष आणि नामांकित वकील होते, हे खरंच आहे. तरीही चित्रीकरण नसतं, तर त्या वकिलांनी न्यायालयात दाखवलं काय असतं? कागद असो वा यंत्र, माणसाचा हात जिथे पोहोचतो ती जागा उजेडात आहे का आणि मागाहून उघडून पाहता येते का, यावर सारं अवलंबून असतं.

महाराष्ट्रात हे जास्त काळजीने समजून घ्यायला हवं, कारण आपल्याकडे तक्रार बऱ्याचदा चुकीच्या दारात नेली जाते. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्तीनंतर स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. विधानसभा आणि लोकसभा भारत निवडणूक आयोगाकडे. पण राज्य आयोगाला मतदारयादी घ्यावी लागते ती विधानसभेचीच. तीच प्रभागांत विभागली जाते. यादीतली मूळ चूक एकाकडची आणि निस्तरायची दुसऱ्याने, अशी ही रचना आहे. २०२५ मध्ये दुबार नावांवरून गदारोळ उठला तेव्हा राज्य आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे छापण्याचा मार्ग काढला तो यातूनच. शिवाय स्थानिक निवडणुकीत व्हीव्हीपॅट वापरलं गेलं नाही; मतदाराला दिसणारी चिठ्ठी नाही, म्हणून नंतर ताडून पाहायलाही ती नाही. अशा वेळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नोंदवलेल्या मतांचा जो हिशेब लिहितो, त्याचं मोल कितीतरी वाढतं.

असं खोदून विचारत बसलं तर लोकांचा लोकशाहीवरचाच विश्वास उडेल, असं काही भली माणसं मनापासून म्हणतात. मला ते पटत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीने विधानसभेच्या मतदानाची खातरजमा करण्यासाठी गावात मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं. तिथे मतदारसंघ जिंकलेल्या उमेदवाराच्या समर्थकांनाच आपल्या गावातला आकडा पटत नव्हता. त्या फेरमतदानातून काही सिद्ध झालं नसतं, कारण दुसऱ्या दिवशी दिलेलं मत हा पहिल्या दिवसाचा पुरावा होत नाही. पण प्रशासनाने जमावबंदी लावली, गुन्हे दाखल केले, आणि शंका होती त्याच्या दुप्पट झाली. उलट जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचं समोर आलं, तेव्हा राज्य आयोगाने अहवाल आणि चित्रफिती तपासून दोन्ही ग्रामपंचायतींच्या निवडणुका रद्द केल्या. आयोग कणा दाखवू शकतो, तेव्हा लोकांना तो आपला वाटतो. म्हणून ‘आयोग विकला गेला आहे’ असं सरसकट बोलणाऱ्यांशीही माझं जमत नाही. त्या एका वाक्याने खरी चूक करणारा कर्मचारीही सुटतो आणि प्रामाणिकपणे रात्रभर जागणारा शिक्षकही बदनाम होतो.

आता कामाचं बोलतो. तुमचा माणूस केंद्रावर बसला असेल तर मतदान बंद झाल्यावर त्याने नोंदवलेल्या मतांच्या हिशेबाची प्रत घेतल्याशिवाय उठू नये. त्यावर केंद्र क्रमांक, कंट्रोल युनिटचा क्रमांक आणि एकूण मतं आहेत का ते पाहावं, मोहोरेचा क्रमांकही टिपून घ्यावा. मतमोजणीच्या टेबलावर आधी हे क्रमांक जुळवायचे, मग यंत्रावर दिसणारा प्रत्येक उमेदवाराचा आकडा आपल्या वहीत लिहायचा आणि तक्त्यात चढवलेल्या आकड्याशी नावागणिक ताडायचा. बुआना लाखूचा सारा वाद त्या एका ओळीचा होता. तफावत दिसली तर आरडाओरडा करण्यापेक्षा निकाल जाहीर होण्याआधी लेखी अर्ज द्या, त्यात केंद्र आणि आकडे लिहा, पोच घ्या. चित्रीकरण जपून ठेवण्याची मागणीही लगेच लेखी करा. लोकसभा-विधानसभेच्या चित्रीकरणाबाबत भारत निवडणूक आयोगाने २०२५ मध्ये ते ४५ दिवसच ठेवण्याचं धोरण घेतलं, यावरून हा पुरावा किती अल्पायुषी असू शकतो ते कळावं.

दाद मागायची मुदत तर त्याहूनही तोकडी आहे. ग्रामपंचायतीच्या निकालाला आव्हान देणारा अर्ज निकालापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायालयात जावा लागतो. महापालिकेसाठी अवघे १० दिवस. गरिबाने वकील कुठून आणायचा, हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. निवडणूक अर्ज सहा महिन्यांत निकाली काढण्याची सक्ती कायद्यात यावी आणि केंद्रनिहाय आकड्यांचे सही केलेले तक्ते राज्य आयोगाने निकालाच्या संध्याकाळीच संकेतस्थळावर टाकावेत, यासाठी सगळ्याच पक्षांनी भांडायला हवं, जिंकलेल्यांनी आधी. तोवर एवढं लक्षात ठेवा, की मोघम संशयावर न्यायालय फेरमोजणीचा आदेश देत नाही. ते विचारतं कोणतं केंद्र, कोणता आकडा, किती फरक. म्हणून मोजणी प्रतिनिधी नेमताना घोषणा देणारा खंदा कार्यकर्ता बाहेर मैदानात ठेवा आणि आत टेबलापाशी गावातला असा कुणीतरी बसवा, ज्याला दूध डेअरीचा किंवा पतपेढीचा हिशेब लिहायची सवय आहे.