परराज्यातली ट्रॉली आणताना

लेका, अथणीकडची ट्रॉली तुझ्या मनात भरलीय आणि भावही आपल्याकडच्यापेक्षा उतरता आहे, हे कळलं. पण कर्नाटकातली ट्रॉली केजला आणायची म्हणजे नुसती पिन टाकून ओढत आणणं नव्हे. चिक्कोडी, अथणी, जमखंडीच्या उसाच्या फडांवर दर हंगामाला आपल्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या जातात. तिकडं ओळखी निघतात, आणि ओळखीपायी माणूस कागद बघायचं विसरतो. तू आधी कागद बघ, मग लोखंड, आणि भावाचं बोलणं सगळ्यात शेवटी काढ.

ट्रॅक्टरला इंजिन नंबर असतो, चेसिस नंबर असतो. ट्रॉलीला इंजिनच नाही, म्हणजे तिची सगळी ओळख त्या एका चेसिस नंबरात. तो कुठं ठोकलाय ते मालकालाच दाखवायला लाव. वर रंगाचे थर असतात, त्यावर ग्रीस, त्यावर पाचटाची धूळ. खिशात पॉलिश पेपर, पेन्सिल आणि पातळ कोरा कागद ठेव. जागा हलक्या हातानं साफ कर, कागद दाबून धर आणि पेन्सिल आडवी फिरव. आकडे उमटले की आरसी बुकावर बोट ठेवून एकेक ताडून बघ. ही छाप पुढं ना हरकतीच्या अर्जालाही लागते, म्हणून दोन-चार जास्तीच्या काढून घे. आकड्यांखालचं लोखंड खोलगट घासलेलं दिसलं, किंवा एखादा आकडा ओळ सोडून बसलेला दिसला, तर चहा पी आणि गाडी धर. एका पासिंगवर दोन ट्रॉल्या चालवणारे बहाद्दर सगळीकडं आहेत.

आता कागद. फॉर्म २८ म्हणजे तिकडच्या आरटीओची ना हरकत, तिच्यावाचून इकडं काहीच हलत नाही. आरसीवर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र आधी माग. ‘हप्ते फिटलेत, कागद यायचाय’ ह्या बोलण्यावर जाऊ नको. मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर विकणाऱ्याच्या सह्या समोर बसून घे. इकडं आल्यावर नव्या नंबरासाठी फॉर्म २७. परराज्यातली गाडी १२ महिन्यांच्या वर ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, असं कायदा सांगतो, आणि आपली माणसं त्यातून वर्षभराची सवलत काढतात. नाव लावायला मात्र घेणाऱ्याला ३० दिवसच आहेत. बीडचं एमएच २३, अंबाजोगाईचं एमएच ४४. आपलं काम कुठल्या कचेरीत बसतं आणि इथं कर किती भरावा लागेल, हे सौद्याआधीच विचारून ये.

तिकडचा मालक चांगलं मराठी बोलेल. पण सौद्याची चिठ्ठी कानडीत लिहिली तर वाचून घेतल्याशिवाय सही करू नको. इसार दे, ट्रॉली त्याच्याच दारात राहू दे. मोठी रक्कम ना हरकत हातात पडल्यावर. एकदा पैसे पोचले की आरटीओत यायला त्याला सवड मिळत नाही.

लोखंड बघताना ताज्या रंगाला भुलू नको. दांडी चॅनेलला जिथं जोडलीय तिथं वाकून बघ. ओझ्याचा सगळा झटका तिथं बसतो, चीर पडते, आणि वरून वेल्डिंग मारून रंग फासतात. हातोडीनं ठोकत जा, खणखणीत आवाज बदलला की थांब. जॅक लावून चाक उचल, वरखाली धरून हलव. खडखड आली तर बेअरिंग गेलंय, किंवा आक्सलच झिजलाय. बेअरिंगचा खर्च भावातून वळता करता येतो, आक्सलचा नाही. मळी आणि खत वाहिलेल्या ट्रॉलीचा पत्रा खालून सडतो, तेव्हा खाली आडवा होऊन बघ, कपडे मळले तर मळू दे. हूक आपल्या ट्रॅक्टरच्या उंचीला बसतो का तेही मोज. फार उंच जोडला तर चढाला भरल्या ओझ्यानं ट्रॅक्टरचं तोंड उचलतं.

घ्यायची वेळ म्हणशील तर साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप थांबल्यावर, उन्हाळ्यात. तेव्हा मालकाला हिशेब भागवायचे असतात. दसऱ्याच्या तोंडावर गेलास की सगळ्या टोळ्या निघायच्या तयारीत असतात, आणि भाव त्याच्या मुठीत.

आणताना रिकामी आण, दिवसा आण. विजापूर, सोलापूर, तुळजापूर, येरमाळा असा हमरस्ता आहे. केजला यायचं तर मांजरसुंब्यापर्यंत जायची गरज नाही. ट्रॉलीला बहुतेक वेळा ब्रेक नसतोच, त्यामुळं उताराला न्यूट्रल करून डिझेल वाचवायचा मोह धरू नको, गिअरमध्येच उतर. मागं लाल रिफ्लेक्टर आणि दिवा लाव. विमा ट्रॅक्टरचा आहे म्हणून ट्रॉलीचा झाला असं समजू नको. पॉलिसीत तिचा नंबर आहे का बघ, आणि आपल्या नावावर करायचा अर्ज १४ दिवसांत टाक.

नवा नंबर हातात येईपर्यंत केएचा जुना नंबर खोडू नको. पेंटरला घाई असते, त्याला तसं सांगून ठेव.