पार्थसारथीच्या मुखावरील व्रण

ग्रंथाची पाने नुसती उलटणारा वाचक ठरत नाही. तसेच मूर्तीपुढे क्षणभर हात जोडून निघून जाणाऱ्यास दर्शन घडले, असे म्हणता येत नाही. मूर्तीही वाचावी लागते. या दृष्टीने चेन्नईतील तिरुवल्लिक्केणी येथील श्रीपार्थसारथीचे मंदिर गीताभ्यासकास मननीय आहे.

पल्लवकाळातील हे प्राचीन मंदिर वैष्णवांच्या १०८ दिव्यदेशांपैकी एक होय. गर्भगृहात भगवान वेंकटकृष्ण या नावाने सपरिवार उभे आहेत. मुखावर मिशा आहेत, हाती शंख आहे. परंतु विष्णुमूर्तीत एरवी दिसणारे चक्र नाही. युद्धात शस्त्र धरणार नाही, हे उद्योगपर्वातील वचन मूर्तीनेही पाळले आहे. राहिला तो पांचजन्य. गीतेच्या पहिल्या अध्यायातील पंधराव्या श्लोकात हृषीकेशाने तोच वाजविला. अशा रीतीने मूर्तीच्या हाती जे नाही, तेही अर्थ सांगते.

उत्सवमूर्तीच्या मुखावर बारीक व्रण आहेत. भीष्मांच्या बाणांनी झालेल्या या जखमा, अशी भक्तांची श्रद्धा आहे. भग्न मूर्ती पूजेस अयोग्य मानतात. येथे मात्र व्रण हेच भूषण झाले आहे. सारथी रथीच्या पुढे बसतो, म्हणून समोरून येणारा बाण प्रथम त्यास लागतो. नवव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचा योगक्षेम वाहण्याचे आश्वासन दिले आहे. ते केवढे मोल देऊन पाळले, हे या मुखाकडे पाहताच उमगते.

अव्यक्ताची वाट देहधाऱ्यास कष्टाची, असे बाराव्या अध्यायात सांगितले आहे. म्हणूनच गृहस्थास डोळ्यांपुढे रूप हवे असते. पुण्याची चित्रशाळा आणि १८९४ मध्ये मुंबईत निघालेला राजा रविवर्मा यांचा छापखाना यांनी देवांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचविली. आज गीतोपदेशाचे चित्र अनेक घरांत आहे. त्यात रथ सोनेरी, अश्व शुभ्र आणि मुख निष्कलंक असते. ते पाहून मन प्रसन्न होते. परंतु ‘देव माझे रक्षण करो’ एवढीच याचना करून आपण थांबतो.

उद्या त्या चित्रापुढे दिवा लावताना गृहस्थाने तिरुवल्लिक्केणीचे ते मुख आठवावे. संसाररथाचे लगाम ज्याच्या हाती, त्याने पुढे बसावे, पहिला बाण आपण सोसावा आणि हातचा लगाम सोडू नये. इतके आचरणात उतरले, तर दर्शन घडले असे समजावे.