‘ई’ जीवनसत्त्व आणि अल्झायमर : एका देणगीच्या निमित्ताने

गतवर्षी आमच्या एका देणगीदारांनी रुग्णालयातील विस्मरणाच्या सर्व वृद्ध रुग्णांस वर्षभर ‘ई’ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल पुरविण्याची इच्छा कळविली. त्यांच्या मातोश्री अल्झायमरने गेल्या होत्या. आम्ही वाणिज्य शाखेचे. औषधाच्या गुणावर बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. तथापि खर्चासमोर जमेस काय पडते, हे पाहण्याची सवय जडलेली असल्याने आमच्या डॉक्टरांकडून विषय समजावून घेतला.

या विकारात मेंदूच्या पेशींबाहेर बीटा-अमायलॉइड प्रथिनाचे थर साचतात, पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचे गुंते होतात आणि स्मरणाशी निगडित भाग आकसू लागतो. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के वापरतो. त्यात स्निग्धांशही विपुल. त्यामुळे ऑक्सिडीकरणाने तेथील पेशींच्या आवरणांची हानी लवकर होते. ‘ई’ जीवनसत्त्व स्निग्धांशात विरघळून हीच हानी रोखते. तेव्हा आशा वाटणे स्वाभाविक होते.

अमेरिकेत या आशेची कसून परीक्षा झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सौम्य विस्मरणाच्या ७६९ व्यक्तींना तीन वर्षे तपासले. या जीवनसत्त्वाने आजार टळला नाही. २०१४ च्या अभ्यासात अल्झायमर झालेले ६१३ माजी सैनिक होते. रोज २००० एकके घेणाऱ्यांची दैनंदिन कामे करण्याची क्षमता सुमारे सहा महिने उशिरा ढासळली. स्मरणशक्तीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. वडील आणखी सहा महिने स्वतःच्या हाताने जेवले, तर त्याचे मोल घरच्यांनाच ठाऊक. आम्ही त्यास अल्प म्हणणार नाही.

परंतु प्रौढास दिवसाला सुमारे १५ मिलिग्रॅम पुरते आणि ते करडई, सूर्यफुलाच्या तेलातून, बदामातून मिळू शकते. २००० एकके ही त्याच्या कितीतरी पट मात्रा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांस तिने रक्तस्रावाचा धोका वाढतो. २०११ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांत रोज ४०० एकके घेणाऱ्या निरोगी पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक आढळला. म्हणून ही मात्रा रुग्णागणिक डॉक्टरांनीच ठरवावयाची. सरसकट वाटप आम्हांस मान्य करता आले नाही.

तसे पत्र पाठविताना आम्हांस संकोच वाटला. देणगीदारांनी उलटटपाली रक्कम कायम ठेवली. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या नातलगास आठवड्यातून दोन दुपारी विसावा मिळावा, यासाठी नेमलेल्या सेविकांच्या मानधनात ती जमा दाखविली आहे.