परवाना मिळाला, तरी शिकणे संपत नाही
तरुण चालकांच्या पालकांसाठी आरोग्य-संदेश

मुलाने किंवा मुलीने वाहनचालन चाचणी उत्तीर्ण केली, की आपली जबाबदारी संपली, असे अनेक पालकांना वाटते. प्रत्यक्षात, एकट्याने वाहन चालविण्याचे पहिले काही महिनेच सर्वाधिक धोक्याचे असतात.

धोका का वाढतो?
वाहनावर हात लवकर बसतो. परंतु समोरचा धोका वेळीच ओळखण्याची नजर अनुभवानेच येते. रात्रीचा अंधार, वेग आणि सोबतीला समवयस्क मित्र असल्यास धोका आणखी वाढतो.

टप्प्याटप्प्याने परवाना
न्यूझीलंडने १९८७ मध्ये शिकाऊ, मर्यादित व पूर्ण अशी तीन टप्प्यांची परवाना पद्धत सुरू केली. मर्यादित परवानाधारकास रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत अनुभवी चालकाच्या सोबतीशिवाय वाहन चालविता येत नाही. मित्रांना बसविण्यावरही निर्बंध असतो. अशी पद्धत स्वीकारलेल्या अनेक ठिकाणी किशोरवयीन चालकांचे अपघात घटल्याचे आढळले आहे.

आपला कायदा
• मोटार किंवा नेहमीची स्कूटर चालविण्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे.
• शिकाऊ परवाना ६ महिने वैध असतो. पक्क्या परवान्याची चाचणी किमान ३० दिवसांनंतर देता येते.
• अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘शिकवणी जवळच आहे’ ही सबब ग्राह्य ठरत नाही.

आपल्याकडे शिकाऊ व पक्क्या परवान्यामध्ये मर्यादित टप्पा नाही. तो कुटुंबानेच घालून द्यावा.

घरी पाळावयाचे नियम
१. शिकाऊ काळात दिवसा, पावसात, गर्दीत व महामार्गावर क्रमाक्रमाने, परवानाधारक प्रौढाच्या देखरेखीखाली सराव करवून घ्यावा.
२. पक्का परवाना मिळाल्यावर पहिले सहा महिने रात्री एकट्याने वाहन नेऊ देऊ नये.
३. या काळात मित्रांना सोबत बसवू देऊ नये.
४. हेल्मेट वा सीट बेल्ट प्रत्येक वेळी लावावा. वाहन चालविताना मोबाइल वापरू नये.
५. उशीर झाल्यास ‘घ्यायला या’ असे सांगणाऱ्या मुलास रागावू नये. तो फोन त्याचा जीव वाचवू शकतो.

हे नियम पालकांनी स्वतःही पाळावेत. मुले ऐकण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात.

अपघात झाल्यास ११२ क्रमांकावर तात्काळ संपर्क साधावा.