गाडी घेण्याआधी वही घ्या

बोरी अरबला एके सकाळी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात कागद होते. म्हणाला, "गुरुजी, मालाची गाडी घेतो. बँकेले जामीन पाहिजे. तुमची सही द्या."

आम्ही विचारले, "कोणती गाडी?"

त्याने मोबाइलवर चित्र दाखवले. मोठी पांढरी गाडी होती. मागे पत्र्याचा बंद डबा. शहरात घरपोच सामान देणारे वापरतात तशी.

"हिच्यात काय नेणार?"

"भाजी. पहाटे यवतमाळच्या बाजारात पोचवायची."

"रोज किती किलो?"

तो गप्प झाला.

"आणि परत येताना काय आणणार?"

तो पुन्हा गप्प.

आम्ही सही केली नाही. नाही असेही म्हटले नाही. पूर्वी एकदा आम्ही एकाच्या कर्जाच्या कागदावर न वाचता सही केली होती. कर्ज थकले. दोन वर्षे आमच्या पेन्शनीतून हप्ते गेले. हेडमास्तर असून कागद वाचला नाही, याची लाज अजून वाटते. इथे तर त्याची दोन एकर जमीन गहाण पडणार होती. म्हणून त्याला जे सांगितले तेच तुम्हालाही सांगतो.

घाईचा माल

दारव्ह्यावरून यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी लहान रुळांची आगगाडी धावत असे. लोक तिला शकुंतला म्हणत. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. आपल्याकडचा कापूस तिने वाहिला. ती सावकाश चाले, पण कापसाचे काही बिघडत नसे. कापूस थांबतो. सांबार, मेथी, दूध थांबत नाही. दवाखान्याचे औषधही थांबत नाही. हा झाला घाईचा माल.

घाईच्या मालाला मोठी गाडी लागत नाही. भरायला सोपी आणि वेळेवर निघणारी गाडी लागते. मोठी गाडी भरेपर्यंत वाट पाहावी लागते. तेवढ्यात बाजार उठतो. २००५ साली टाटा कंपनीने दोन सिलिंडरची छोटी मालवाहू गाडी काढली. तिला लोक 'छोटा हत्ती' म्हणू लागले. गल्लीबोळात शिरणारी, थोडा माल नेणारी गाडी लोकांना हवीच होती. आज अशा गाड्या अनेक कंपन्यांच्या आहेत.

वजनाचा हिशेब

गाडीच्या कागदावर दोन वजने असतात. एक रिकाम्या गाडीचे, दुसरे भरलेल्या गाडीचे. ती आधी वाचा.

समजा, भरलेल्या गाडीचे वजन १,६०० किलो आहे आणि रिकामीचे ९०० किलो. उरले ७०० किलो. त्यावर १५० किलोचा डबा बसवला. उरले ५५०. चालक आणि सोबती मिळून १३० किलो. उरले ४२०. एक भरलेले कॅरेट २० किलोचे धरले, तर २१ कॅरेट मावतात. विकणारा ७०० म्हणतो, पण हाती ४२०च येतात.

त्याहून जास्त भरू नका. ब्रेक लागत नाही, टायर फुटतो. कायद्यात २०१९ साली बदल झाला. जादा वजनाला २०,००० रुपये दंड आहे. वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल रस्त्यातच उतरवावा लागतो.

डबा की जाळी?

आपल्याकडे मे महिन्यात ऊन कसे असते, ते सांगायला नको. उन्हात पत्र्याचा बंद डबा चुलीसारखा तापतो. आत हवा फिरत नाही. पालेभाजी गळून जाते. भाजीला जाळीची बाजू आणि वर ताडपत्री बरी.

औषधे, किराणा, कपड्यांचे गठ्ठे यांना मात्र बंद डबा चांगला. पाऊस लागत नाही, चोरीची भीती कमी. म्हणजे आधी माल ठरवा, मग डबा.

गाडीजवळ उभे राहून आणखी दोन गोष्टी पाहा. मागचा तळ कमरेएवढा असावा. छातीएवढा असला तर रोज पाठ मोडते आणि वेळही जातो. दुसरे, दार पूर्ण उघडते का? घाई इथे वाचते. रस्त्यावर गाडी पळवून वाचत नाही.

रिकामी फेरी

आता खरा हिशेब. समजा, हप्ता महिना १२,००० रुपये. विमा, टायर, दुरुस्ती यांचा महिन्याचा वाटा ५,०००. एकूण १७,०००. महिन्यात २५ दिवस गाडी चालली, तर दिवसाला ६८० रुपये. जाऊन-येऊन डिझेल ३६०. तुमची मजुरी ५००. एकूण खर्च १,५४०.

जाताना भाजीचे भाडे १,२०० मिळाले आणि गाडी रिकामी परत आली, तर रोज ३४० रुपयांचा तोटा. येताना दुकानदाराचे सामान आणून ६०० मिळाले, तर २६० रुपये नफा. गाडी तीच, रस्ता तोच. येताना भरून आली की रिकामी, एवढाच फरक.

कागद

भरलेल्या गाडीचे वजन ३,००० किलोपर्यंत असेल, तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. पण विमा आणि फिटनेसचा दाखला लागतोच. ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली सांगितले. मालाच्या गाडीत लग्नाचे वऱ्हाड बसवू नका. अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते.

मग काय झाले?

आम्ही विद्यार्थ्याला म्हणालो, "एक महिना भाड्याच्या गाडीने माल ने. रोज वहीत लिही. जाताना किती किलो, येताना काय, भाडे किती. मग ये."

तो रागावला. "गुरुजी, इतकं कोण लिहिते?" पण त्याने लिहिले. महिन्याने वही घेऊन आला. अक्षर वाकडे होते, आकडे सरळ होते. निम्म्याहून अधिक दिवस माल ४०० किलोच्या आतच होता. मोठी गाडी अर्धी रिकामी धावली असती. येताना सामान देणारे दोन दुकानदारही त्याला त्याच महिन्यात भेटले.

त्याने छोटी गाडी घेतली. जाळीची, वर ताडपत्री. बँकेचा कागद आम्ही दोघांनी ओळ न ओळ वाचला. मग सही केली.

पहिल्या पावसाळ्यात माल कमी मिळाला. एक हप्ता उशिरा गेला. आमची झोप उडाली. तेव्हापासून तो दोन हप्त्यांचे पैसे वेगळे ठेवतो. कर्ज फिटायला अजून दोन वर्षे आहेत. वही चालू आहे.

वाचकहो, तुम्ही आता लिहायला शिकलात. ही विद्या फक्त सहीपुरती ठेवू नका. सहीच्या आधी हिशेब लिहा.

प्रश्न

१. भरलेल्या गाडीचे वजन १,८०० किलो, रिकामीचे १,००० किलो, डबा २०० किलो, दोन माणसे १३० किलो. माल किती नेता येईल?

२. तुमच्या गावातून कोणता घाईचा माल बाहेर जातो? येताना गाडीत काय आणता येईल?

३. जामीन राहण्याआधी तुम्ही कोणते तीन प्रश्न विचाराल? वहीत लिहा.