पाठांतरापासून चिंतनापर्यंत : सूरह माऊनचा एक धडा

खारघरमधील आमच्या मकतबमध्ये गेल्या उन्हाळ्यात एका अकरा वर्षांच्या विद्यार्थ्याने सूरह माऊनच्या सातही आयती अचूक म्हणून दाखवल्या. मी विचारले, “माऊन म्हणजे काय?” तो गप्प राहिला. वर्गात कोणालाच उत्तर आले नाही. दोष मुलांचा नव्हता. वर्षानुवर्षे मी त्यांना ‘म्हणून दाखव’ एवढेच सांगत आलो होतो.

पाठांतर ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. हिफ्ज हा पाया आहे. जे स्मरणात नाही त्यावर चिंतन कसे होणार? परंतु पाया घालून घर न बांधणारा उघड्यावरच राहतो. पवित्र कुरआन चिंतनासाठी अवतरला, असे सूरह सादच्या 29 व्या आयतीत स्पष्ट केले आहे. सहाबांविषयी असे वर्णन येते की, ते दहा आयती शिकत आणि त्यांचा अर्थ व आचरण आत्मसात केल्याशिवाय पुढे जात नसत.

त्या दिवसापासून आम्ही ही सूरह पायरीपायरीने घेतली. पहिली पायरी स्मरणाची. ती झालीच होती. दुसरी अर्थाची : माऊन म्हणजे नित्य वापराच्या लहानसहान वस्तू. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी बादली आणि हंडी उसनी देणे, असा तिचा अर्थ सांगितला आहे. तिसरी तुलनेची : काही सहाबांनी माऊनचा अर्थ जकात असा केला आहे. मग बरोबर कोण? मुलांनी वाद घातला. तेव्हा मी इक्रिमा (रह.) यांचे मत सांगितले : माऊनचे शिखर जकात आणि तिची सर्वांत खालची पायरी म्हणजे चाळणी, बादली, सुई. दोन्ही अर्थ एकाच सूत्रात बसले. चौथी पायरी कारणाची : नमाज आणि बादली एकाच सूरहमध्ये का? एक मुलगी म्हणाली, “दिखाव्याची नमाज पढणाऱ्याला शेजारी दिसत नाही.”

पाचवी पायरी माझ्यासाठीच अवघड ठरली. त्याच विद्यार्थ्याने विचारले, “टँकर आला की आम्ही आमची पिंपे भरतो. वरच्या मजल्यावरच्या आजी बादली मागतात. घरचे ‘नाही’ म्हणाले तर?”

त्याला गप्प करणे सोपे होते. मात्र प्रेषित मुहम्मद (स.) यांची रीत आठवली. त्यांनी एकदा सहाबांना कोडे घातले : मुस्लिमासारखे झाड कोणते? हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांना खजूर हे उत्तर सुचले होते, पण ज्येष्ठांसमोर ते संकोचले. पुढे त्यांचे वडील हजरत उमर (रजि.) म्हणाले की, तू बोलला असतास तर मला फार आनंद झाला असता.

मी त्या मुलाला म्हणालो, “घरच्यांना उलट उत्तर देऊ नकोस. प्रथम विचार, आपल्या गरजेपुरते पाणी उरते का? उरत असेल, तर बादली वर नेण्याचे काम तू स्वतःकडे माग.” दुसऱ्या आठवड्यात त्याने बादली पोहोचवल्याचे सांगितले. सूरह त्याला त्या दिवशी खऱ्या अर्थाने पाठ झाली.

पालकहो, मूल सूरह म्हणून दाखवेल तेव्हा शाबासकी अवश्य द्या. त्यानंतर तीन प्रश्न विचारा : याचा अर्थ काय? असे का सांगितले असावे? आज आपल्या घरात हे कुठे लागू पडते? उत्तर आपल्यालाच टोचणारे असले, तरी ऐकून घ्या. अल्लाह आपल्या मुलांना स्मरणाबरोबर समज आणि समजेबरोबर आचरण प्रदान करो. आमीन.