आधी सायरन बंद कर

पोरी, पोस्टिंग झाली, आता ११२ वरचे कॉल तुझ्या वाट्याला येणार. चोऱ्यामाऱ्यांचं तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंच आहे. मी सांगतोय ते वेगळ्या कॉलचं. वायरलेसवरून सांगतात, "इसम वेड्यासारखं करतोय, लवकर पोहोचा." लवकर पोहोच, पण पोहोचल्यावर घाई सोड.

गल्लीच्या तोंडाशीच सायरन आणि दिवा बंद कर. वायरलेसचा आवाज कमी कर. ज्याच्या डोक्यात आधीच कुणीतरी ओरडतंय, त्याला आपला गलका सोसत नाही. मोबाईल धरून उभ्या असलेल्या पोरांना जोडीदाराला हटवू दे. बोलायचं एकानंच. काठी नाचवायची नाही, हात दिसतील असे ठेवायचे. दारात मधोमध उभी राहू नकोस. त्याला कोंडल्यासारखं वाटता कामा नये, आणि तुलाही मागं सरकायला जागा हवी.

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी एका घरी गेलो. पोरगा विळा घेऊन स्वयंपाकघरात, आई अंगणात. मी उंबऱ्यातूनच परेडच्या आवाजात दरडावलं, "टाक तो विळा!" तो चुलीमागं सरकला, भिंतीला पाठ लावून थरथरायला लागला. आम्ही तिघं त्याच्या अंगावर पडलो. विळा सुटला, पण त्याचा हात मोडला. मग आई म्हणाली, "साहेब, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही त्याच्या. गोळ्या संपल्यात. सांगणार होते, पण तुम्ही थांबलाच नाहीत."

दोन मिनिटं लागली असती ऐकायला. म्हणून तू आधी घरच्यांना गाठ. झोपला कधी, जेवला का, कोणत्या गोळ्या चालू होत्या, कुणाचं नाव काढलं की शांत होतो? दारू, साखर, डोक्याला मार हेही विचार. साखर उतरलेला माणूसही बरळतो, अंगावर येतो. त्याला दवाखाना हवा असतो.

मग त्याच्याशी बोल. नावानं हाक मार, तुझं नाव सांग, एका वेळी एकच गोष्ट विचार. तो म्हणाला, भिंतीतून आवाज येतात, तर "कुठं येतात?" म्हणून वाद घालू नकोस, आणि "हो, मलाही येतात" असं खोटंही बोलू नकोस. "मला येत नाहीत, पण तुला त्रास होतोय ते दिसतंय," एवढं पुरतं. विहिरीच्या काठावर बसलेल्या बाईला सरळ विचार, "जीव द्यायचं मनात आहे का?" विचारल्यानं ते मनात भरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलायला लागतो. धरायचीच वेळ आली, तर पालथं पाडून पाठीवर बसायचं नाही. श्वास कोंडून माणूस जातो.

अमेरिकेत मेम्फिसला १९८७ साली आईनं मुलासाठी पोलिसांना बोलावलं. मुलाच्या हातात सुरी होती, पोलिसांच्या गोळ्यांनी तो गेला. त्यानंतर १९८८ पासून तिथं अशा कॉलसाठी पोलिसांना चाळीस तासांचं वेगळं शिक्षण द्यायला लागले. आपल्याकडेही प्रत्येक शिपायाला ते मिळायला हवं, असं मी साहेबांना सांगत आलो.

कायदा तोंडपाठ ठेव. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा, कलम १००. असं माणूस संरक्षणात घेतलं की होईल तितक्या लवकर, फार तर चोवीस तासांत, जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. कोठडीत अजिबात ठेवायचं नाही, रात्रपाळीवरचा कुणीही काहीही म्हणो. बेवारस फिरताना सापडलं तर मिसिंग दाखल करून घरचे शोधणं हेही ठाण्याचंच काम आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्याला त्याच कायद्याचं कलम ११५ सांभाळून घेतं. त्याच्याशी आरोपीसारखं वागू नकोस.

स्टेशन डायरीत "वेडसर इसम" लिहू नकोस. काय पाहिलंस ते लिही: झोपला नव्हता, घाबरलेला होता, कानावर हात धरून बसला होता. डॉक्टरला तेच कामी येतं.

निघताना घरच्यांना १४४१६ हा टेली-मानसचा नंबर कागदावर लिहून दे. आणि आठ-दहा दिवसांनी, बीटवर असशील तेव्हा, त्या घरासमोर थांब. टोपी काढून आत जा आणि आईला विचार, गोळ्या मिळतायत का.